निवडणुका हरणारा संपादक : मिसुरीकाठची भटकंती

बुधवार : बेलव्ह्यू

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, ओमाहात उतरल्या उतरल्या भाच्याने विचारलं, "मामा, कुठे कुठे जायचंय ते सांगा, त्या हिशेबाने रजा टाकतो." मी नेब्रास्का सिटीचं नाव घेतलं तेव्हा तो जरा गप्पच झाला. इतकी वर्षं ओमाहात राहून तो तिथे गेला होता ते सप्टेंबरात, सफरचंदं तोडायला. त्यातून एका जुन्या संपादकाचं घर बघायला जायचं म्हटल्यावर सूनबाईंनी सरळच विचारलं, "मामा, तुम्ही निवृत्त झालात ना?"

झालोय. पण जिल्ह्याच्या दैनिकात डेस्कवर हयात गेलेल्या माणसाला दुसऱ्याच्या वर्तमानपत्रात डोकावायची खोड असतेच. आणि जे. स्टर्लिंग मॉर्टन हे प्रकरण मला बरेच दिवस खुणावत होतं. अमेरिकेत त्याला 'आर्बर डे'चा, म्हणजे झाडं लावायच्या दिवसाचा, जनक म्हणून ओळखतात. मुळात मात्र हा सरहद्दीवरच्या एका वर्तमानपत्राचा संपादक आणि मुरलेला राजकारणी. नेब्रास्काच्या गव्हर्नरपदासाठी तो 1866, 1882, 1884 आणि 1892 अशा चार निवडणुका लढला आणि चारही हरला. मला त्याच्या झाडांपेक्षा ह्या हरण्यात जास्त रस होता.

सुरुवात बेलव्ह्यूपासून केली. ओमाहाच्या दक्षिणेला चिकटलेलं, हवाई दलाच्या तळामुळे माहीत असलेलं हे गाव. 1854 च्या शरदात मात्र आपण राजधानी होणार अशी त्याची खात्री होती. त्या वर्षी मार्चमध्ये ओमाहा आणि ओटो-मिसुरिया ह्या मूळच्या जमातींकडून करार करून जमिनी काढून घेतल्या गेल्या, 30 मे रोजी कॅन्सस-नेब्रास्का कायदा झाला आणि पार कॅनडाच्या हद्दीपर्यंत पसरलेला 'टेरिटरी' नावाचा, अजून राज्याचा दर्जा नसलेला अवाढव्य प्रदेश गोऱ्या वसाहतीला मोकळा झाला. मॉर्टन तेव्हा बावीस वर्षांचा. जन्म न्यूयॉर्क राज्यातला, वाढला मिशिगनमध्ये. त्याच वर्षी मे महिन्यात, पदवी हाताशी आली असताना, मिशिगन विद्यापीठाने त्याला काढून टाकलं होतं. वरिष्ठांपुढे मान तुकवणं त्याला जन्मभर जमलं नाही. 30 ऑक्टोबरला डेट्रॉइटमध्ये कॅरोलाइन फ्रेंच हिच्याशी लग्न केलं आणि बोहल्यावरून उतरून त्याच दिवशी दोघांनी पश्चिमेची वाट धरली.

ती दोघं इथे पोचेपर्यंत राजकारणाची पहिली फेरी होऊनही गेली होती. पहिला गव्हर्नर फ्रान्सिस बर्ट दक्षिण कॅरोलायनातून प्रवासाने आजारी होऊनच आला, 16 ऑक्टोबरला शपथ घेतली आणि 18 तारखेला इथल्या मिशन हाउसमध्ये वारला. कारभार गेला सेक्रेटरी थॉमस कमिंगकडे आणि कमिंगने विधिमंडळ बोलावलं ओमाहात. बेलव्ह्यूच्या हातचा घास गेला. मॉर्टन बेलव्ह्यूच्या बाजूने कमिंगशी भांडायला उतरला. नेब्रास्कात येऊन महिना-दोन महिने झाले नाहीत तोवर हे. पहिलीच लढाई आणि हरणाऱ्यांच्या गोटात.

जुनं म्हणावं असं इथे थोडंच उरलंय. लाकडी ओंडक्यांची एक खोपटी आहे, 1830 च्या दशकातली, राज्यातली सगळ्यात जुनी वास्तू म्हणतात. ओंडक्यांच्या फटींत लिंपण, खिडक्या लहान. पण मी जास्त वेळ रेंगाळलो तो मेन स्ट्रीटवरच्या विटांच्या दुमजली इमारतीसमोर. ही 1856 ची फाँटेनेल बँक. त्या वर्षी टेरिटरीच्या विधिमंडळाने बँकांच्या सनदा सढळ हाताने वाटल्या. तिजोरीत सोनं असो नसो, बँकेने नोटा छापायच्या आणि त्या नोटांवर प्लॉटांचे सौदे व्हायचे. विधिमंडळात निवडून आलेल्या मॉर्टनने ह्याला विरोध केला. लोकांना स्वस्त पैसा हवा होता; 1856 च्या निवडणुकीत त्यांनी त्याला घरी बसवलं. पुढच्याच वर्षी, 1857 ची मंदी आली, बँका कोसळल्या, नोटांची रद्दी झाली, आणि मतदारांनी त्याला परत निवडून दिलं. ही बँकही त्यातच बुडाली. इमारत मात्र ठणठणीत आहे.

नेब्रास्कातलं पहिलं वर्तमानपत्र, 'नेब्रास्का पॅलेडियम', हेही बेलव्ह्यूचंच. गंमत अशी की ते सुरू झालं मिसुरी नदीच्या पलीकडच्या काठावर, आयोवात, आणि नोव्हेंबर 1854 पासून इकडे छापायला लागलं. गावात शंभर उंबरे नसताना वर्तमानपत्र कशाला, असा प्रश्न भाच्याला पडला. उत्तर असं की ते गावकऱ्यांनी वाचायचं नसायचंच. अंक पूर्वेकडे पाठवायचे. तिकडच्या माणसाने वाचायचं की अमुक गावात गाळाची जमीन आहे, बोटींचा धक्का होतोय, राजधानी येणारच आहे, आणि मग प्लॉट घ्यायचा. आपल्याकडे टाउनशिपची कुदळ पडायच्या आधी बिल्डरचं रंगीत ब्रोशर येतं, तसा तो छापखाना. राजधानी गेल्यावर 'पॅलेडियम' काही महिन्यांतच बंद पडलं.

गुरुवार : नेब्रास्का सिटी

बेलव्ह्यूहून हायवे 75 ने दक्षिणेला निघालं की तासाभरात नेब्रास्का सिटी. दोन्हीकडे नांगरलेली काळी शेतं, मका अजून पेरायचा होता, आणि वारा असा की भाचा दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून होता. गाव लहान, चढउताराचं. सेंट्रल अॅव्हेन्यू ही मुख्य पेठ सरळ नदीकडे उतरते. तिथलं विटांचं कोर्ट 1865 चं, अजून वापरात. त्या काळी ह्या उतारावरून बैलगाड्यांची रांग लागायची. रसेल, मेजर्स अँड वॉडेल ह्या मालवाहतूक कंपनीने 1858 मध्ये लष्कराचा माल पश्चिमेला न्यायला इथे तळ टाकला होता. नदीतून बोटीने माल यायचा, इथे गाड्यांवर चढायचा आणि शेकडो मैल गवतातून पुढे जायचा.

मॉर्टन 1855 मध्ये बेलव्ह्यू सोडून इथे आला. गाव वसवणाऱ्या मंडळींचं 'नेब्रास्का सिटी न्यूज' चालवायचं काम त्याला मिळालं. सरकारकडून एक क्वार्टर सेक्शन, म्हणजे 160 एकर जमीन त्याने दाव्याखाली घेतली, चार खोल्यांचं घर बांधलं. लिखाण तिखट. विरोधकाचं नाव घेऊन, त्याच्या खानदानासकट उद्धार करायची तेव्हा तिकडे रीतच होती, आणि त्यात हा अग्रेसर. विरोधी रिपब्लिकन पक्षाची पत्रंही तितकीच वाईट लिहायची. अग्रलेख लिहायचा, सभा घ्यायची, निवडणुकीला उभं राहायचं आणि निकाल आपल्याच पत्रात छापायचा, हे सगळं एकच माणूस करत होता. संपादक-पुढारी आपल्याकडेही कमी झाले नाहीत, पण त्यांना निदान आधी वाचक होते.

1858 मध्ये राष्ट्राध्यक्ष ब्युकॅनन यांनी त्याला टेरिटरीचा सेक्रेटरी नेमलं. त्या डिसेंबरात गव्हर्नर पद सोडून गेले आणि मे 1859 पर्यंत हा हंगामी गव्हर्नर होता. वय सव्वीस, आणि कागदोपत्री हुकमत रॉकी पर्वतापर्यंत! कोणी निवडून दिलेला नव्हे, नेमलेला. हे लक्षात ठेवा, कारण पुढेही त्याच्या वाट्याला मोठं पद आलं ते असंच.

1860 मध्ये काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, टेरिटरीचा प्रतिनिधी म्हणून तो उभा राहिला. मोजणीत 14 मतांनी जिंकला, प्रमाणपत्रही हाती आलं. मग गव्हर्नर ब्लॅक यांनी तेच फिरवून प्रतिस्पर्धी सॅम्युएल डेली याला दुसरं प्रमाणपत्र दिलं, आणि रिपब्लिकनांच्या बहुमताच्या सभागृहाने डेलीला बसवलं. ब्लॅक मॉर्टनच्याच पक्षाचे. ह्या एका हारीबद्दल तक्रार करायचा त्याला पूर्ण हक्क होता, आणि ती त्याने भरपूर केली.

आता नावडता भाग. झाडांच्या देवघरात जो कोणी लावत नाही. मॉर्टन डेमोक्रॅट, आणि गुलामगिरीच्या प्रश्नावर दक्षिणेची तळी उचलणारा. यादवी युद्धात त्याने लिंकनवर सतत आगपाखड केली, युद्धानंतर काळ्यांना मताधिकार द्यायला विरोध केला. आणि हे काही दूरच्या प्रश्नावरचं मत नव्हतं. नेब्रास्का सिटीत गुलाम होते. संख्येने मोजके, पण होते. गाव वसवणाऱ्या स्टीफन नकल्सच्या घरातून नोव्हेंबर 1858 मध्ये एलायझा आणि सीलिया ह्या दोघी पळाल्या. नकल्सने आयोवातल्या टेबर गावात त्यांच्यासाठी घरं धुंडाळली. दोन वर्षांनी एलायझा शिकागोत सापडली तेव्हा जमावाने तिला पकडणाऱ्यांच्या हातून सोडवलं. 5 डिसेंबर 1860 रोजी हर्क्युलिस आणि मार्था ह्या दोघांचा ह्याच गावच्या रस्त्यावर शेरीफने लिलाव केला. टेरिटरीच्या विधिमंडळाने गुलामगिरीबंदी केली ती जानेवारी 1861 मध्ये, गव्हर्नरचा नकाराधिकार झुगारून.

गावाच्या पश्चिमेला मेह्यू केबिन आहे, 1855 ची, कॉटनवूडच्या ओंडक्यांची. अॅलन आणि बार्बरा मेह्यू यांचं घर. पळून आलेल्या गुलामांना नदीपार करायच्या वाटेवर इथे आसरा मिळायचा. बार्बराचा भाऊ जॉन केगी पुढे गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्या जॉन ब्राउनबरोबर हार्पर्स फेरीच्या हल्ल्यात मारला गेला. आम्ही बाहेरूनच पाहिली. मॉर्टनच्या घरापासून गाडीने काही मिनिटांवर. म्हणजे एकाच गावात एकीकडे माणसं लपवली जात होती आणि दुसरीकडे त्यांच्याविरुद्ध अग्रलेख. ओमाहाच्या वाटेवर भाचा म्हणाला, "मामा, मग त्याच्या नावाने झाडं कशी लावायची?" मी म्हटलं, लाव की. झाड कुठल्या पक्षाचं असतं? पण उद्या गाइडने सांगितलं नाही तर मी विचारणार.

एक फाटा राहिला, तो सांगतो. जुलै 1862 मध्ये बोटीतून एक अजस्र यंत्र इथल्या धक्क्यावर उतरलं. रुळांशिवाय, गवतावरून चालणारी वाफेची गाडी. मालक जोसेफ आर. ब्राउन, मिनेसोटाचा. तोही राजकारणी आणि तोही संपादक! ही गाडी मालाचे डबे ओढत थेट कोलोराडोच्या खाणींपर्यंत जाणार होती. गावापासून काही मैलांवर तिचा क्रँक मोडला. ब्राउन सुटा भाग आणायला गेला, तेवढ्यात ऑगस्टमध्ये मिनेसोटात डाकोटा जमातीचं गोऱ्यांशी युद्ध पेटलं, त्याचं कुटुंबच कैदेत सापडलं, आणि गाडी गवतात पडून राहिली. तिच्यासाठी आखलेला सरळ रस्ता मात्र बैलगाड्यांना फार सोयीचा निघाला आणि 'स्टीम वॅगन रोड' म्हणूनच चालला. यंत्र फसलं, रस्ता टिकला.

शुक्रवार : आर्बर डे

एप्रिलचा शेवटचा शुक्रवार. सूनबाईही आल्या. आर्बर लॉजच्या फाटकापासूनच झाडी सुरू होते: ओक, मॅपल, चेस्टनट, मॉर्टनने स्वतः लावलेली पांढऱ्या पाइनची राई, आणि वाटेच्या कडेला जांभळा लायलॅक नुकता फुलायला लागलेला. अडीचशेहून जास्त जातींची झाडं आहेत म्हणतात. 1855 मध्ये इथे एकही नव्हतं.

घर पाहून सूनबाई म्हणाल्या, "हे तर व्हाइट हाउस." खरंच तसं दिसतं. पांढरं, उंच खांबांचं, 52 खोल्यांचं. चार खोल्यांचं घर वाढत वाढत गेलं आणि मॉर्टनच्या मृत्यूनंतर थोरला मुलगा जॉय याने आजचं रूप दिलं. 1923 मध्ये त्यानेच ते राज्याला देऊन टाकलं. हा जॉय म्हणजे मॉर्टन सॉल्टवाला. निळ्या डब्यावर छत्रीवाली मुलगी असते ना, तेच मीठ. सूनबाईंना घराबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली ती इथे. दुसरा मुलगा पॉल रेल्वेत चढत जाऊन थिओडोर रूझवेल्टचा नौदलमंत्री झाला.

आत जड फर्निचर, तसबिरी, शिडीची कपाटं, जे अशा सगळ्या घरांत असतं. मी फार थांबलो नाही. सनरूममध्ये मात्र मान वर करून उभा राहिलो. छताला टिफनीची रंगीत काच आहे, द्राक्षाच्या मांडवाची. हिरवी पानं, जांभळे घड. बाहेर ढग सरकला की घडांचा रंग फिकट व्हायचा आणि ऊन आलं की खालच्या फरशीवर पानं उमटायची. दोन लहान मुलं त्या पानांवर पाय द्यायचा खेळ खेळत होती.

गाइड बाई उत्साही. मी गुलामगिरीचं विचारलं तेव्हा टाळलं नाही, शांतपणे म्हणाल्या, "हो, तशीच मतं होती त्याची, आणि लपवायचा नाही तो." हे मला आवडलं.

आता त्या दिवसाची हकिगत. 4 जानेवारी 1872 रोजी राजधानी लिंकनमध्ये राज्य कृषिमंडळाच्या बैठकीत मॉर्टनने ठराव मांडला की 10 एप्रिल हा दिवस झाडं लावण्यासाठी राखून ठेवावा. ठराव कोणीही मांडतो. संपादकाचं डोकं पुढच्या कलमात दिसतं: जो जिल्हा सर्वांत जास्त झाडं नीट लावेल त्याच्या कृषी संस्थेला 100 डॉलर, आणि जी व्यक्ती सर्वांत जास्त लावेल तिला 25 डॉलरची शेतीविषयक पुस्तकं. तारीख ठरली, चुरस आली, बक्षीस आलं. मग राज्यभरची वर्तमानपत्रं तीन महिने तेच छापत राहिली, त्यात मॉर्टनच्या पक्षाची आणि विरोधकांचीही. त्या एका दिवसात नेब्रास्कात दहा लाख झाडं लागली असा अंदाज सांगितला जातो. ती कोणी मोजली, हे मी गाइडला विचारलं नाही. 33 कोटी वृक्षलागवडीच्या बातम्या लावलेला माणूस आहे मी. आकड्याआधी 'सुमारे' घालायचं आणि पुढे जायचं, एवढं कळतं.

खुद्द मॉर्टनने मागवलेली 800 झाडं त्या दिवशी पोचलीच नाहीत. मालवाहतुकीत अडकली.

झाडांचं हे वेड निव्वळ हौसेचं नव्हतं. गवताळ मैदानात लाकूड फक्त ओढ्याकाठी. सरपण नाही, कुंपण नाही, घराला वासे नाहीत. कित्येक जण मातीचे चौकोन कापून त्यांचीच घरं बांधायचे. झाड म्हणजे वाऱ्याला आडोसा आणि पूर्वेकडून येणाऱ्याला 'इथे राहता येतं' हा दिलासा. झाडं लावली की पाऊस वाढतो, असंही पुष्कळांना खरोखर वाटायचं. पुढच्याच वर्षी, 1873 मध्ये, नेब्रास्काचे सिनेटर फिनिअस हिचकॉक यांनी आणलेला टिंबर कल्चर कायदा झाला: 40 एकरांत झाडं लावा, 160 एकर मिळवा. त्यात पुढे इतक्या लबाड्या झाल्या की 1891 मध्ये तो रद्द करावा लागला. गवताचा प्रदेश हा मुळात गवताचाच, असं आजचे अभ्यासक सांगतात. पूर्वी वणवे झाडांना आवर घालायचे, आता लाल सीडर नेब्रास्काची कुरणं गिळतोय म्हणून तो तोडायच्या मोहिमा चालतात. आणि ज्यांना हे गवत ठाऊक होतं त्या ओटो लोकांना 1881 पर्यंत ओक्लाहोमाकडे हलवलेलं होतं. जिल्ह्याला त्यांचं नाव राहिलं.

तरी माझं मत असं की आर्बर डे हा मॉर्टनचा सगळ्यात उत्तम अंक. त्यात शिव्या नव्हत्या, उमेदवार नव्हता आणि मतमोजणीही नव्हती. म्हणूनच बहुधा तो जिंकला.

दुपारी वायुका स्मशानभूमीत गेलो. मॉर्टन कुटुंबाचं स्मारक दगडातलं झाड आहे, बुंध्यासकट, आणि भोवतीचं कुंपणही ओंडक्यांसारखं कोरलेलं. सालीच्या भेगा हाताला लागतात. कॅरोलाइन 1881 मध्ये गेली, त्याने पुन्हा लग्न केलं नाही. गोष्ट अशी सांगतात की तिच्या दगडावर त्याने चारही मुलांची नावं कोरून घेतली आणि त्यांना बजावलं: आईच्या नावाला कोणी बट्टा लावला तर त्याचं नाव छिन्नीने काढून टाकीन. चारही नावं शाबूत आहेत. तो स्वतः 27 एप्रिल 1902 रोजी वारला.

शनिवार : ब्राउनव्हिल

रात्रभर पाऊस. सकाळी ऑबर्नमार्गे ब्राउनव्हिलला. आणखी दक्षिणेला, नदीच्या काठाशी दडलेलं हे खेडं आता दीडशेच्या आत लोकवस्तीचं आहे. एक मुख्य रस्ता, विटांची जुनी घरं, जुन्या पुस्तकांची दुकानं. एके काळी बोटींमुळे गजबजलेलं. रेल्वे दुसरीकडून गेली आणि गाव तिथेच थांबलं.

इथे यायचं कारण रॉबर्ट फर्नास. 1856 मध्ये तो ओहायोहून छापखाना घेऊन इथे आला आणि 'नेब्रास्का अॅडव्हर्टायझर' काढलं. हाही विधिमंडळात, हाही शेती-फळबागांचा वेडा, हाही कृषिमंडळात. पण पक्ष रिपब्लिकन. मॉर्टन आणि फर्नास यांनी एकमेकांबद्दल वर्षानुवर्षं काय काय लिहिलं असेल ह्याची कल्पना करता येते. फरक एवढाच की फर्नास 1872 मध्ये गव्हर्नरपदाची निवडणूक जिंकला. लगेच 'ओमाहा हेरल्ड'ने आरोप केला की जुन्या काळी राजधानीच्या भांडणात त्याने लाच खाल्ली. फर्नासने अब्रुनुकसानीचा दावा लावला, ज्युरीचं एकमतच झालं नाही, आणि पुन्हा काही तो उभा राहिला नाही. पण 1874 मध्ये आर्बर डेची पहिली अधिकृत घोषणा गव्हर्नर म्हणून केली ती ह्यानेच. कल्पना डेमोक्रॅटाची, सही रिपब्लिकनाची. पुढे 1885 मध्ये तारीख बदलून 22 एप्रिल केली, ती मॉर्टनच्या वाढदिवसाची.

त्याचं घर आहे, बघितलं. नदीकडे गेलो तर पाणी गढूळ, चहाच्या रंगाचं, आणि वेग दिसतो त्याहून जास्त. वाहत आलेला एक अख्खा बुंधा पुलाच्या खांबाला घासून मिसुरी राज्याच्या बाजूने निघून गेला. बाकी ब्राउनव्हिलमध्ये आम्ही जुन्या पुस्तकांत तास घालवले आणि उपाशी राहिलो, कारण चालू असलेलं खानावळवजा एकच ठिकाण आम्ही पोचेपर्यंत बंद झालं होतं.

रविवार : लिंकन

राजधानीचं नाव लिंकन कसं पडलं, ह्यात नेब्रास्का सिटीचा हात आहे, तोही मनाविरुद्ध. 1867 मध्ये राज्य झाल्यावर प्लॅट नदीच्या दक्षिणेकडच्यांनी राजधानी ओमाहातून हलवायचं विधेयक आणलं. ओमाहाच्या सिनेटरने खोडा घातला: नव्या शहराला लिंकनचं नाव द्या. त्याचा हिशेब असा की ओटो जिल्ह्यातले डेमोक्रॅट लिंकनचं नाव ऐकून विधेयकच पाडतील. पण त्यांना राजधानी जवळ हवी होती. त्यांनी नाव गिळलं आणि मत दिलं. मॉर्टनच्या जिल्ह्याने मॉर्टनच्या नावडत्या माणसाचं नाव राजधानीला दिलं!

कॅपिटल, म्हणजे विधिमंडळाची इमारत, वास्तुविशारद बर्ट्रम गुडह्यूची, चारशे फूट उंच मनोरा आणि टोकावर बी पेरणारा शेतकरी. एकसभागृही विधिमंडळ असलेलं अमेरिकेतलं हे एकच राज्य. आतल्या मोझेइकवर वेगळं लिहावं लागेल. मान्यवरांच्या अर्धपुतळ्यांत मॉर्टन आहे आणि विल्यम जेनिंग्ज ब्रायनही आहे, हे मात्र मी मुद्दाम पाहून घेतलं.

ही जोडी पक्की वैऱ्यांची. दोघे डेमोक्रॅट, दोघे नेब्रास्काचे. ब्रायन तरुण, वक्ता, पुढे राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरलेला; कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांसाठी चांदीचं नाणं मोकळं करा, म्हणजे पैसा वाढेल आणि कर्ज फिटेल, म्हणणारा. मॉर्टन फक्त सोन्याच्या नाण्याच्या बाजूचा, जुन्या बँका बुडताना पाहिलेला; शिवाय मधली कित्येक वर्षं त्याने रेल्वे कंपन्यांची वकिली केलेली, त्यामुळे शेतकऱ्यांचा त्याच्यावर भरवसा नव्हता. 1892 ची चौथी हार झाली आणि दोन-चार महिन्यांत राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी त्याला देशाचा कृषिमंत्री केला. पुन्हा नेमणूक. मंत्री म्हणून त्याने खर्चाला कात्री लावली. काँग्रेसचे सदस्य मतदारांना सरकारी खर्चाने बियाण्यांच्या पुड्या पाठवायचे, ते बंद करायचा त्याने हट्ट धरला. काँग्रेसने पुड्या चालू ठेवायला लावल्या. झाडं लावा म्हणणारा माणूस फुकट बियाणं थांबवतोय, ह्यावर विरोधी पत्रांची चैन झाली असणार. पण त्याचं म्हणणं मला पटतं.

1898 मध्ये, पासष्टी उलटल्यावर, त्याने नेब्रास्का सिटीत पुन्हा साप्ताहिक काढलं, 'द कन्झर्व्हेटिव्ह'. त्यात ब्रायनवर, चांदीवर तोफा, आणि अमेरिकेने फिलिपिन्स गिळायलाही विरोध. 1901 मध्ये ब्रायनने लिंकनमध्ये 'द कॉमनर' काढलं. पन्नास मैलांच्या अंतरात दोन हरलेले उमेदवार, आपापलं साप्ताहिक घेऊन. मॉर्टन गेला आणि 1902 मध्येच त्याचं पत्र थांबलं.

पुढची कथा भाच्याला गाडीत सांगितली. वॉशिंग्टनच्या कॅपिटलमध्ये प्रत्येक राज्याचे दोन पुतळे असतात. नेब्रास्काने 1937 मध्ये पाठवले ते मॉर्टन आणि ब्रायन, दोन्ही रुडल्फ इव्हान्स ह्या एकाच शिल्पकाराचे. ऐंशीहून अधिक वर्षं हे दोघे एकमेकांच्या संगतीत उभे! 2019 मध्ये ब्रायनच्या जागी पोंका जमातीचा प्रमुख स्टँडिंग बेअर आला, ज्याने 1879 मध्ये ओमाहाच्या कोर्टात 'मी माणूस आहे' हे कायद्याने मान्य करून घेतलं. 2023 मध्ये मॉर्टनच्या जागी लेखिका विला कॅथर आली.

"म्हणजे पेपरवाला गेला एकदाचा," भाचा म्हणाला.

मी म्हटलं, कुठला जातोय. स्टँडिंग बेअरचा खटला देशभर गाजवला तो 'ओमाहा हेरल्ड'च्या टिबल्स नावाच्या सहायक संपादकाने. आणि कॅथर विद्यार्थिदशेत ह्याच लिंकनमध्ये 'नेब्रास्का स्टेट जर्नल'साठी नाटकांची परीक्षणं लिहायची, भल्याभल्या नटांना सोलून काढायची.

"मामा," मागच्या सीटवरून सूनबाई म्हणाल्या, "तुम्हाला सगळीकडे पेपरवालेच दिसतात. आता जेवायचं बघा."